टीव्हीच्या पाठीमागून आलेला खेळ

वारज्याच्या उड्डाणपुलाखालून माळवाडीकडे वळले की मोबाईल दुरुस्तीच्या दुकानांची रांग लागते. पुढे काचेच्या काउंटरमध्ये कव्हर, टेम्पर्ड ग्लास, चार्जर. मागे एक टेबल, त्यावर दिवा जोडलेले भिंग, हॉट एअर गन, सोल्डरिंगचे सामान आणि फ्लक्सचा तो जळका वास. या टेबलांवर अधूनमधून फोनपेक्षा मोठे काहीतरी येऊन पडते. बहुतेक वेळा ते एचडीएमआय पोर्ट तुटलेले प्लेस्टेशन फोर असते. कधी कोणी कंट्रोलर आणतो, त्याची काडी हात न लावताच एका बाजूला सरकत असते. दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरून पिवळा पडलेला एखादा जुना व्हिडिओ गेमही खाली उतरतो, आणि ‘सुट्टीत पोरांना दाखवायचा आहे, चालू होतो का बघा’ असे म्हणत कोणीतरी तो घेऊन येतो. कागदोपत्री या दोन यंत्रांत पाच पिढ्यांचे अंतर आहे. माळ्यावरचे यंत्र तिसऱ्या पिढीतले, प्लेस्टेशन फोर आठव्या पिढीतले. टेबलाला त्याचे काही नाही, दोन्ही त्याच स्क्रूड्रायव्हरने उघडतात.

घरात खेळायच्या यंत्रांचा जो इतिहास जगभर सांगितला जातो, तो या पिढ्यांचा. १९७२ मध्ये राल्फ बेअर यांच्या कल्पनेतून आलेले मॅग्नावॉक्स ओडिसी, १९७७ चे अटारी, १९८३ मध्ये अमेरिकेत कोसळलेला बाजार, त्याच वर्षी जुलैत जपानात निघालेले निन्तेंदोचे फॅमिकॉम, मग सेगा, सोनी, मायक्रोसॉफ्ट. नवे आले की जुने हटते आणि कंपन्यांच्या लढाईत कोणीतरी जिंकते, अशी ही गोष्ट. ‘घरातली यंत्रे’ या विषयावर लिहायला बसून वारज्यासारख्या उपनगराकडे पाहिले, तर ती इथे लागू पडत नाही. कोणते यंत्र कधी निघाले याने इथे काही ठरले नाही. ते कोणत्या वाटेने घरात शिरले, बिघडल्यावर कोणी उघडले आणि पुढे कोणाच्या हाती गेले, याने ठरले. माझे म्हणणे असे, की आपल्याकडे घरगुती व्हिडिओ गेम टिकला तो नक्कल, दुरुस्ती आणि जुना माल या तीन गोष्टींच्या आधाराने. अधिकृत बाजार आला तो उशिरा, आणि त्यालाही शेवटी याच तिघांशी जुळवून घ्यावे लागले.

अँटेनाची वायर आणि सिंहगड

वारजे १९९७ मध्ये महापालिकेत आले. त्याच्या अलीकडची-पलीकडची पंधरा-वीस वर्षे हा गावाचे उपनगर होण्याचा काळ. शेतांच्या जागी सोसायट्या उठल्या, सातारा-सोलापूर-मराठवाड्याकडून कुटुंबे आली, दोन खोल्यांचे घर झाले आणि पुढच्या खोलीत टीव्ही आला. खेळाचे यंत्र घरात यायचे ते या एकाच टीव्हीच्या आश्रयाने. त्या काळच्या बहुतेक साध्या संचांना बाहेरून चित्र घ्यायला पाठीमागे एकच जागा होती, ती अँटेनाची. गच्चीवरचा ॲल्युमिनियमचा अँटेना सिंहगडावरच्या दूरदर्शनच्या मनोऱ्याकडे तोंड करून उभा असायचा. वारज्यातून तो मनोरा उघड्या डोळ्यांनी दिसतो. त्या अँटेनाची वायर उपसून त्याच भोकात गेमची वायर खुपसायची. गेमच्या आत पत्र्याच्या डबीत एक छोटा मॉड्युलेटर असे. तो यंत्रातले चित्र आणि आवाज एका वाहिनीच्या लहरीवर चढवी. संच ट्यून केला की सिंहगडाच्या जागी मारिओ दिसू लागे. टीव्हीच्या दृष्टीने ते घरातल्या घरात लागलेले आणखी एक दूरदर्शन केंद्रच.

यातून पुढचे बरेच काही ठरत गेले. वायर बदलावी लागते म्हणजे खेळ आणि बातम्या एकाच वेळी चालणार नाहीत. म्हणजे खेळाचे वेळापत्रक घरातल्या मोठ्या माणसांच्या हाती. सतत काढण्या-घालण्याने संचाचे भोक ढिले होते, मग चित्रात मुंग्या येतात आणि त्याचा दोष गेमवर जातो. मे महिन्याची सुट्टी सोडली तर यंत्र खोक्यात. घरी रंगीत टीव्ही नसेल तर खेळ करड्या छटांत, आणि त्यालाही कोणाची ना नव्हती. त्यात भर विजेची. या कॅसेटींत खेळ जतन करून ठेवायची सोय बहुधा नसेच. मूळ जपानी कॅसेटींपैकी काहींत त्यासाठी छोटी बॅटरी असे, नकलेत ती खर्चाला कात्री म्हणून गळाली. गुरुवारी वीज जाणार हे पुण्यात कोणाला सांगावे लागत नाही. आठव्या टप्प्यावर पोचलेला खेळाडू वीज गेली की पुन्हा पहिल्या टप्प्यावर. खेळ एका बैठकीत संपवण्याची ती घाई यंत्रात नव्हती, वीजपुरवठ्याच्या वेळापत्रकात होती.

ऐंशी टक्के जकात

पण मुळात नक्कलच का? खरे यंत्र लोकांना नको होते, असे नाही. ते परवडण्याच्या पल्ल्याबाहेर ठेवले गेले होते. उदारीकरण सुरू झाल्यावरही अशा मालावरची आयात जकात इतकी होती, की सेगाने १९९५ मध्ये भारतात यायचे ठरवले तेव्हा शॉ वॉलेस या कंपनीशी वितरणाचा करार केला. ऐंशी टक्के जकातीला वळसा घालणे हा त्यामागचा हेतू. वळसा घालूनही मेगा ड्राइव्हची किंमत १८,००० रुपये होती. त्या वर्षी एवढ्या रकमेत मध्यमवर्गीय घरात चांगला रंगीत टीव्ही येत होता. टीव्हीच्या मागे लावायची वस्तू टीव्हीच्याच भावात कोण घेणार?

नक्कल त्या किमतीच्या कितीतरी खाली उभी होती. सामुराई, मीडिया, लिटल मास्टर, टर्मिनेटर अशी नावे खोक्यांवर असत, आत मात्र एकच जीव, तो १९८३ च्या फॅमिकॉमचा. पुण्यात हा माल प्रामुख्याने बुधवार पेठेत मिळे, पासोड्या विठोबाच्या परिसरात आणि तपकीर गल्लीत. तिथून तो उपनगरांतल्या भेटवस्तूंच्या आणि खेळण्यांच्या दुकानांत पसरे. नव्या शतकात मुंबईच्या मिताशी कंपनीने ‘गेम इन’ या नावाने तोच प्रकार चकचकीत खोक्यात घालून दुकानांत मांडला. म्हणजे सोनीचे दुसरे प्लेस्टेशन जगात धुमाकूळ घालत असताना आपल्याकडे वीस वर्षांपूर्वीचे यंत्र ‘नवे’ म्हणून विकले जात होते, आणि घेणाऱ्याला आपण फसलो असे वाटत नव्हते. पिढ्यांचा हिशेब इथे मोडतो तो असा.

नक्कल फॅमिकॉमचीच का झाली, यालाही कारण आहे. अमेरिकेत १९८५ मध्ये गेलेल्या त्याच यंत्रात निन्तेंदोने एक कुलूप-चिप बसवली, परवानगी नसलेली कॅसेट ओळखून यंत्र बंद पाडणारी. जपानी फॅमिकॉमला असे कुलूपच नव्हते. त्यातले मुख्य भाग दोनच, एक प्रोसेसर आणि एक चित्र काढणारी चिप. तैवानच्या यूएमसी कंपनीने या दोन्हींच्या नकला बनवल्या, आणि मग हाँगकाँगपासून मॉस्कोपर्यंत कोणालाही यंत्र जोडता येऊ लागले. रशियात ते ‘डेंडी’ झाले, चीनमध्ये ‘सुबोर’, आणि आपल्याकडे वरची सगळी नावे.

काळ्या ठिपक्याच्या आत

माळ्यावरून उतरलेले यंत्र उघडले की पहिल्यांदा नजरेत भरते ते त्याचे रिकामेपण. एवढ्या मोठ्या प्लास्टिकच्या खोक्यात तळहाताएवढी एक पट्टी. जुने असेल तर त्यावर चाळीस पायांच्या दोन चिपा दिसतात. नंतरच्या मालात त्याही नाहीत. पट्टीच्या मधोमध इपॉक्सीचा एक काळा ठिपका, त्याखाली अख्खे फॅमिकॉम. ठिपक्याला कारागीर हात लावत नाही. तो गेला तर यंत्र गेले. पण ठिपका सहसा जात नाही. जातो तो नऊ व्होल्टचा ॲडॉप्टर, पाच व्होल्ट देणारा तीन पायांचा रेग्युलेटर, कंट्रोलरची मुळाशी दुमडून तुटलेली वायर, बटणाखालच्या रबराचा झिजलेला कार्बन. यांतले सगळे कोणत्याही इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात सुटे मिळते, आणि कोणत्या कंपनीचे यंत्र आहे हे न विचारता बसते. जपणुकीत बेफिकीर असलेल्या घरांतही ही यंत्रे दहा-दहा वर्षे चालली, त्याचे गमक यात आहे.

कॅसेट लागत नाही म्हणून तिच्या तोंडात फुंकर मारायची, हा त्या पिढीचा सार्वत्रिक उपचार. फुंकरीने काही होत नसे. उलट तोंडातला ओलावा तांब्याच्या पट्ट्यांवर बसून त्या काळवंडत. गुण येई तो कॅसेट काढून पुन्हा घातल्याने, कारण त्या घासणीत साठ पिनांचा संपर्क नव्याने जुळे. कारागीर खोडरबराने पट्ट्या घासतो आणि पुसून घेतो. दोन मिनिटांचे काम.

चित्राच्या वेगाचीही एक गंमत आहे. जपानी टीव्ही सेकंदाला साठ चित्रे धरून चालतो, आपला पन्नास. जपानसाठी लिहिलेला खेळ आपल्या संचावर नुसता लावला तर प्रोसेसर आणि चित्र यांची सांगड सुटते आणि काही खेळांचे पडदे फाटतात. यूएमसीच्या चिपांनी यावर मोठा हुशार तोडगा काढला. चित्र काढून झाल्यावर काही रेषा नुसत्याच, रिकाम्या मोजायच्या. त्यामुळे चित्र काढतानाचा ताल मूळच्यासारखाच राहिला आणि खेळ मोडला नाही. फक्त सगळेच साधारण सहाव्या हिश्शाने संथ झाले. पुण्यातला मारिओ ओसाकातल्या मारिओपेक्षा सावकाश धावायचा आणि त्याचे संगीतही रेंगाळायचे. नक्कल करणाऱ्याने डोळे झाकून छाप मारला, असे म्हणणाऱ्यांनी ही रिकाम्या रेषांची युक्ती लक्षात घ्यावी.

या यंत्रांबरोबरची बंदूक मात्र आता चालणार नाही, हे टेबलावर सरळ सांगावे लागते. बदकांच्या खेळातली ती बंदूक काही सोडत नसे, ती बघत असे. चाप ओढला की पडदा क्षणभर काळा होई आणि बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटे. नळीतला प्रकाशसंवेदक तो उजेड टिपे आणि नेम लागला असे धरले जाई. हा सगळा हिशेब जुन्या काचेच्या टीव्हीच्या लुकलुकण्यावर बांधलेला. एलईडी संच चित्र थोडे उशिरा दाखवतो आणि तसे लुकलुकत नाही, म्हणून बंदूक आंधळी. यंत्र ठणठणीत आहे आणि टीव्ही बदलला, असे हे दुखणे. दुरुस्ती कशाची करणार?

चोरीचाच माल होता ना?

इथे आक्षेप येतो आणि तो झटकून टाकण्यासारखा नाही. हे सगळे चोरीवर उभे होते. ‘९९९९९९९ इन १’ लिहिलेल्या कॅसेटमध्ये कोनामी, नाम्को, निन्तेंदोचे मोजके खेळ असत. उरलेला आकडा त्याच खेळांना वेगळ्या टप्प्यापासून सुरू करून फुगवलेला. ज्यांनी ते खेळ रचले त्यांना यातला रुपयाही गेला नाही. आपल्या कॉपीराइट कायद्यात संगणकप्रणाली १९८४ च्या दुरुस्तीनेच आल्या होत्या, त्यामुळे कायदा नव्हता असेही म्हणता येत नाही. यंत्राचे पेटंट वीस वर्षांनी संपते, म्हणून २००० च्या दशकाच्या मध्यानंतर नुसत्या यंत्राच्या नकलेबद्दल फारशी तक्रार उरत नाही. खेळांचे तसे नाही.

‘कंपनी इथे विकतच नव्हती, मग तिचे नुकसान काय’ हे नेहमीचे उत्तर मला पुरे वाटत नाही. नुकसान झाले, पण ते जपानचे कमी आणि आपले जास्त. ब्राझीलकडे पाहा. तिथेही आयातीवर भिंती होत्या, तिथेही नकला होत्या. पण टेकटॉय या कंपनीने सेगाचा परवाना घेऊन यंत्रे देशातच बनवली, आणि १९९१ मध्ये ‘वंडर बॉय’ मालिकेतला एक खेळ घेऊन त्यात तिथल्या लाडक्या चित्रकथेतली मोनिका बसवली. पोर्तुगीज मजकूर, ओळखीची नायिका. आपल्याकडे फुरसुंगीचा फास्टर फेणे कधी कॅसेटमध्ये धावला नाही. नक्कल करणाऱ्याला तयार खेळ फुकट मिळत होता, तो नवा कशाला रचेल? कळफलक जोडलेले काही नमुने ‘मुलांना कॉम्प्युटर शिकवा’ म्हणून विकले गेले आणि त्यांत बेसिक भाषाही होती. पण दहा ओळींचा प्रोग्राम लिहून तो जतन करायची सोय नसेल, तर शिकणे पुन्हा त्या वीजपुरवठ्यापाशीच थांबते. नकलेने खेळायला दिले, रचायला दिले नाही. या हिशेबात मी नकलेच्या बाजूने बोलणार नाही.

तरीही मूळ मुद्दा त्याने ढळत नाही. अधिकृत बाजार आला तेव्हा काय झाले बघा. मायक्रोसॉफ्टचे एक्सबॉक्स ३६० सप्टेंबर २००६ मध्ये १९,९९० रुपयांपासून पुढे, सोनीचे प्लेस्टेशन थ्री एप्रिल २००७ मध्ये ३९,९९० ला. लोक मात्र प्लेस्टेशन टूवर बसले होते, चिप टाकलेल्या, कॉपी केलेल्या डीव्हीडी वाचणाऱ्या. त्यात क्रिकेटची भर. ईएचा ‘क्रिकेट ०७’ प्लेस्टेशन टू आणि संगणकासाठीच निघाला, नव्या यंत्रावर तो आलाच नाही. क्रिकेट जुन्या यंत्रावर असेल तर मराठी घरातले पोर नव्या यंत्राकडे का वळेल? शेवटी सोनीनेच हे मान्य केले. भारतात घडवलेले पहिले खेळ ‘हनुमान: बॉय वॉरियर’ आणि कबड्डी, विटीदांडू, पतंगबाजीचा ‘देसी अड्डा’ २००९ मध्ये प्लेस्टेशन टूवर आले, प्लेस्टेशन थ्री भारतात येऊन दोनेक वर्षे झाली असताना. हैदराबादच्या स्टुडिओंनी ते केले. बाजाराला जुन्या मालाची भाषा बोलावी लागली.

पुण्यात घडलेले, पुण्यात न आलेले

रचण्याची उणीव पुढे पुण्यातच थोडीफार भरून निघाली. गेमलॉफ्टचा इथला स्टुडिओ २००८ मध्ये युबिसॉफ्टने घेतला आणि जगभरच्या यंत्रांसाठी इथे काम होऊ लागले. या स्टुडिओचा हात असलेल्या ‘जस्ट डान्स’ मालिकेतला २०२० चा अंक निन्तेंदोच्या वी यंत्रासाठीही निघाला, जे २००६ चे. तेरा वर्षे जुन्या यंत्राला जपणारे गिऱ्हाईक फक्त आपल्याकडेच असते असे नाही, एवढे यातून कळते. पुढे ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’च्या जुन्या खेळाची पुनर्रचना पुणे आणि मुंबईकडे आली होती, ती २०२२ मध्ये मॉन्ट्रियलला गेली.

त्याहून बोलके उदाहरण ‘राजी’चे. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने रचलेला, पुराणकथा आणि आपल्या वास्तुशिल्पाच्या आधाराने उभा असलेला हा खेळ. २०१७ मध्ये लोकवर्गणीतून पैसे उभे करण्याचा प्रयत्न फसला, तरी काम थांबले नाही. १८ ऑगस्ट २०२० ला तो प्रथम निन्तेंदो स्विचवर आला, इतर यंत्रांवर दोन महिन्यांनी. आणि स्विच भारतात कंपनीने अधिकृतपणे विकलेलेच नाही. ते येते दुबईहून बॅगेतून, नाहीतर ग्रे मार्केटमधून, हमीपत्राशिवाय. म्हणजे पुण्यात घडलेला खेळ वारज्यातल्या कोणाला पहिल्या दिवशी खेळायचा असता, तर त्याला पुन्हा त्याच मागच्या दाराने यंत्र आणावे लागले असते. फॅमिकॉमनंतर सदतीस वर्षांनी.

डिस्कचा बाजार

दुसरा आक्षेप असा, की मोबाईलने हे सगळे निकालात काढले. स्वस्त डेटा आला २०१६ मध्ये, आणि माळवाडीच्या कट्ट्यावर चार पोरे चार पडद्यांत डोके घालून एकच लढाई लढताना दिसू लागली. संख्येत पाहिले तर आक्षेप खरा आहे. फोनच्या तुलनेत टीव्हीला जोडायची यंत्रे मूठभर घरांत. पण ती कमी झाली आहेत, असे दुरुस्तीच्या टेबलावरून दिसत नाही. २०१८ च्या डिसेंबरात त्यांच्यावरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आणायचे ठरले, आणि प्लेस्टेशन फोर हळूहळू नोकरदार घरांच्या आवाक्यात आले. नवे नव्हे, वापरलेले. हातातून हातात जाणाऱ्या यंत्राबरोबर डिस्कही फिरतात. फुटबॉलचा नवा अंक आला की जुना निम्म्याच्या खाली मिळतो, आणि क्राइम-गाडीवाला तो एक खेळ तर पाच-सहा घरे फिरून आलेला असतो. दोन कंट्रोलर, एक सोफा, शेजारी बसून खेळणे. फोनवर हे जमत नाही, आणि या घरांना तेच हवे आहे.

या बाजाराचा खरा वैरी फोन नाही, नव्या यंत्राची बांधणी आहे. एचडीएमआय पोर्ट बदलता येतो, पंख्यातली धूळ काढता येते, सरकणारी काडी नव्याने सोल्डर करता येते, चुंबकावर चालणारी न झिजणारी काडीही आता मिळते. पण डिस्क वाचणारा भाग त्या-त्या यंत्राच्या मुख्य पट्टीशी गुप्त खुणेने बांधलेला असतो. दुसऱ्या बंद पडलेल्या यंत्रातला ड्राइव्ह काढून लावला तर तो खेळाची डिस्क ओळखत नाही. म्हणून कारागीर मूळ ड्राइव्हची हिरवी पट्टी जपून ठेवतो आणि फक्त यांत्रिक भाग बदलतो. प्लेस्टेशन फाइव्ह भारतात फेब्रुवारी २०२१ मध्ये ४९,९९० ला आले. त्याची सडपातळ आवृत्ती एप्रिल २०२४ मध्ये आली, तिचा ड्राइव्ह हाताने काढता येतो. पण नवा जोडताना यंत्राने एकदा इंटरनेटवरून कंपनीला विचारावे लागते. ड्राइव्हच नसलेली आवृत्ती तर खेळ थेट खात्यावर उतरवते. खाते विकता येत नाही, शेजाऱ्याला उसने देता येत नाही, आणि टेबलावर उघडून त्यातले काही दुरुस्तही करता येत नाही.

वापरलेले यंत्र घेणारा सावध माणूस आता क्रमाने बघतो. यंत्र कंपनीच्या खात्यात शिरते का, म्हणजे बंदी घातलेले तर नाही. मग एचडीएमआयची वायर हलवून चित्र जाते का. आणि शेवटी एखादी डिस्क घालून ती फिरते का. ड्राइव्ह नसलेले यंत्र स्वस्तात समोर आले तरी तो बहुधा नको म्हणतो. वर्षाला चार खेळ नवे घ्यायचे, तर वाचलेले पैसे पहिल्याच वर्षी जातात.